काम पुण्याला गेलं, आणि मी रेडिंगमध्ये

(हा एपिसोडचा लिखित मजकूर. मधले ‘अं’ आणि ‘म्हणजे’ थोडे कापलेत, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.)

आजचा एपिसोड बरेच दिवस ड्राफ्टमध्ये पडून होता. कारण विषय माझ्याच नोकरीचा आहे. म्हणजे गेलेल्या नोकरीचा.

तर २०२३ मध्ये इंग्लंडमधल्या माझ्या कंपनीने मला ‘रिडंडंट’ केलं. कंपनीचं नाव घेणार नाही, पुढे कळेल का ते. लिंक्डइनवर आपण सगळं ‘लेऑफ’ या एकाच शब्दात गुंडाळतो, पण ब्रिटिश कायद्यात रिडंडन्सी म्हणजे एक ठरावीक गोष्ट आहे. आणि ती झाली की पुढचा प्रश्न येतो, की ती फेअर होती की अनफेअर? या एका प्रश्नावर मी जवळपास पाच महिने घातले. सुरुवातीला मला उत्तर माहीत आहे असं वाटत होतं. ते चुकीचं निघालं. मग दुसरं सापडलं.

एक गोष्ट आधीच सांगतो. मी वकील नाही, बीटेक आहे. आणि नियम २०२३चे सांगतोय, तेव्हा जे लागू होते ते. तुमच्यावर वेळ आली तर एकॅसच्या साइटवर ताजं बघा. एकॅस म्हणजे ॲडव्हायझरी, कन्सिलिएशन अँड आर्बिट्रेशन सर्व्हिस. तिकडची सरकारी पैशांवर चालणारी पण स्वतंत्र संस्था, कामगार-मालक भांडणात मध्यस्थी करणारी. फुकट.

बॅकग्राउंड सांगतो. मी मूळचा सांगलीचा. पुण्यात थोडं काम केलं, मग मार्च २०२१ मध्ये स्किल्ड वर्कर व्हिसावर रेडिंगला आलो. पेमेंट्सच्या प्रॉडक्टवर बॅकएंडला होतो. चार जणांची टीम. बायको डिपेंडंट व्हिसावर, म्हणजे माझी नोकरी गेली की तिचाही व्हिसा लटकणार. २०२२ मध्ये कंपनीने खराडीत ऑफिस वाढवायला घेतलं, तेव्हा मीच माझ्या कॉलेजच्या रूममेटला रेफर केलं. रेफरल बोनससुद्धा घेतला. हे लक्षात ठेवा, नंतर लागेल.

११ सप्टेंबर २०२३, सोमवार. सकाळी साडेनऊला पंधरा मिनिटांचं इन्व्हाइट, विषय ‘टीम अपडेट’. त्यात एचआर बघितल्यावर पोटात खड्डा पडला. सांगितलं की चार बॅकएंड रोल्सपैकी दोन कमी होणार, तुम्ही चौघंही ‘ॲट रिस्क’ आहात, अजून काहीही ठरलेलं नाही, आता ‘कन्सल्टेशन’ सुरू होईल. ‘काहीही ठरलेलं नाही’ हे वाक्य त्या मीटिंगमध्ये तीनदा आलं. मी मोजलं.

त्याच रात्री व्हॉट्सॲपवर खराडीहून मेसेज. “भावा, तू ठीक आहेस ना? हे बघ.” खाली स्क्रीनशॉट. केटी ट्रॅकर, म्हणजे कोण कोणाला कुठलं मॉड्यूल समजावून देणार त्याची एक्सेल शीट. त्यात माझं नाव, माझी मॉड्यूल्स, आणि शेवटच्या कॉलममध्ये ‘लास्ट वर्किंग डे : ३१ ऑक्टोबर’. ती शीट त्याच्याकडे दोन आठवड्यांपासून होती. त्याला वाटलं मी स्वतःच सोडतोय आणि त्याला सांगितलं नाही, म्हणून तो थोडा रागावलाही होता. सोमवारी आमची बातमी तिकडे पोचली तेव्हा त्याला उलगडलं.

आता हा स्क्रीनशॉट घेऊन मी दुसऱ्या दिवशी एचआरच्या तोंडावर मारला असता तर? त्यांचा पहिला प्रश्न असता, हा तुला कोणी दिला? पुण्याच्या टीममध्ये ती शीट पाच-सहा जणांकडेच होती, त्यात सांगलीकडचा एकच. त्याचं नुकतंच लग्न ठरलं होतं, वाघोलीत फ्लॅटचा हप्ता चालू होता. मी त्याला लिहिलं, “डिलीट कर, आणि तू मला काही पाठवलं नाहीस.” पण मी ते बघितलं होतं. न बघितल्यासारखं करणं सोपं नसतं.

मग मी अभ्यासाला बसलो. इंजिनीअर माणूस, पहिल्यांदा डेफिनिशन बघतो. एम्प्लॉयमेंट राइट्स ॲक्ट १९९६, कलम १३९. त्यानुसार रिडंडन्सी तीन प्रकारे होते. धंदाच बंद होतो, किंवा तुम्ही काम करता ती जागा बंद होते, किंवा विशिष्ट प्रकारचं काम करायला लागणाऱ्या माणसांची गरज संपते वा कमी होते. मी खूश! कारण काम कुठे संपलं होतं? उलट वाढलं होतं. खराडीत सहा जण घेतले होते तेच करायला. म्हणजे ही रिडंडन्सीच नाही, सगळं खोटं, केस जिंकली.

बायकोला सांगितलं. ती म्हणाली, “नीट वाच रे पुढे.” तिचं बरोबर होतं. कलमात पुढे शब्द आहेत, की ती गरज ‘कर्मचारी जिथे नोकरीला होता त्या जागी’ कमी झाली तरी चालते. काम जगातून नाहीसं व्हायची गरजच नाही. रेडिंगमधून गेलं की पुरे. ते पुण्याला गेलं, मनिलाला गेलं की लीड्सला गेलं, कायद्याला फरक पडत नाही. आणि कंपनीने ते हलवावं की नाही, त्यात शहाणपणा आहे की मूर्खपणा, हे ट्रायब्युनल तपासत बसत नाही. तो मालकाचा धंद्याचा निर्णय.

हे पचायला मला दोन-तीन दिवस लागले. कारण माझा सगळा राग त्याच मुद्द्यावर होता ना! ‘काम आहे तरी काढलं.’ आणि खरं सांगू का, त्यात अजून एक गंमत होती. आपण लहानपणापासून ऐकलंय की तिकडची कामं इकडे येतात, पोरांना नोकऱ्या लागतात, हिंजवडी उभी राहते. मी स्वतः त्याच्याच जिवावर पहिला पगार घेतला. आता मी त्या पाइपच्या दुसऱ्या टोकाला उभा होतो. तक्रार कोणाकडे करणार?

तर पहिला मुद्दा बाद. पण इथेच बरेच जण थांबतात, आणि ते चुकतं. रिडंडन्सी खरी असली तरी तुम्हाला काढणं अनफेअर असू शकतं. त्याच कायद्याचं कलम ९८. त्यात दोन पायऱ्या आहेत. पहिली, काढण्याचं कारण काय? रिडंडन्सी हे मान्य कारण आहे, ठीक. दुसरी, त्या कारणासाठी याच माणसाला, अशा पद्धतीने काढताना मालक वाजवी वागला का? कंपनी केवढी, तिच्याकडे किती साधनं, हेही त्यात बघतात. दहा माणसांच्या दुकानाला आणि आठशे माणसांच्या कंपनीला एकच फूटपट्टी नाही.

पण हा प्रश्न विचारायचा हक्क मिळायला तेव्हा दोन वर्षं सलग नोकरी लागायची. माझी अडीच झाली होती, म्हणून मी आत. टीममधली एक मुलगी एक वर्ष दहा महिन्यांची होती, ती बाहेर. भेदभावाची केस असेल, गरोदरपणामुळे काढलं असेल, तर दोन वर्षांची अट नसते, पण आपल्या विषयात ते आत्ता नको.

‘वाजवी’ म्हणजे काय, यावर तिकडे खूप निकाल आहेत. १९८२चा विल्यम्स विरुद्ध कॉम्पेअर मॅक्सम हा सगळ्यांच्या तोंडी असतो. सार असं, की लोकांना आधी सांगा, त्यांच्याशी बोला, निवडीचे निकष एका मॅनेजरच्या मर्जीवर ठेवू नका, ते सरळपणे लावा, आणि कंपनीत दुसरी जागा आहे का ते बघा. मग १९८७चा पोल्की. हा माझा आवडता, कारण त्यातला माणूस व्हॅन ड्रायव्हर होता. कंपनीला चार ड्रायव्हरच्या जागी वेगळी माणसं हवी होती, पोल्कीला बोलावलं, सांगितलं तू रिडंडंट, आणि तडक घरी पाठवलं. आधी एक शब्द नाही. कंपनीचं म्हणणं, बोललो असतो तरी निकाल तोच लागला असता. हाउस ऑफ लॉर्ड्स म्हणालं, तो मुद्दा भरपाई ठरवताना बघू. न बोलता काढलं ते अनफेअरच.

म्हणजे कन्सल्टेशन हा शिष्टाचार नाही. मन अजून मोकळं आहे तेव्हा ते व्हायला पाहिजे. आणि माझ्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. ट्रॅकर शीट. ३१ ऑक्टोबर.

मीटिंग क्रमांक एक, दोन, तीन. सगळ्या अर्ध्या तासाच्या. पहिल्या मीटिंगला मी विचारलं, निकष काय? पाच निकष, प्रत्येकी दहा मार्क. टेक्निकल स्किल, डिलिव्हरी, प्रॉडक्टचं ज्ञान, टीमवर्क, फ्लेक्झिबिलिटी. दुसऱ्या मीटिंगला कळलं की २६ सप्टेंबरला मार्क दिले गेलेत. मी म्हणलं, दाखवा. “ते गोपनीय आहे.” अहो, माझेच मार्क! “बाकीच्यांच्या तुलनेत तुमचा स्कोअर कमी आहे, एवढं सांगू शकतो.” आणि २९ सप्टेंबरला, शुक्रवारी, पत्र आलं. नोटीस पिरियड, शेवटचा दिवस ३१ ऑक्टोबर.

मध्येच एक सांगतो, कारण पुण्यातले बरेच जण ऐकताय. निदान मला काढलं असं पत्र तरी मिळालं. आपल्याकडे मित्रांचे अनुभव काय आहेत? एचआर खोलीत बोलावतं, लॅपटॉप समोर ठेवतं आणि म्हणतं, राजीनामा टाइप कर, नाहीतर एक्स्पीरियन्स लेटर खराब होईल. राजीनामा दिला की कागदावर तुम्ही स्वतःहून गेलात. मग फेअर की अनफेअर हा प्रश्नच उभा राहत नाही, आधी ‘मला काढलं’ हेच सिद्ध करायला लागतं. इंग्लंडमध्येही असे ‘स्वतःच जा की’ म्हणणारे भेटतात. तेव्हा घाईत राजीनामा लिहू नका. हा एक मुद्दा दोन्हीकडे सारखा आहे.

बरं, परत रेडिंगला. अपिलाचा हक्क होता, तो वापरला. आणि अपिलाच्या आदल्या दिवशी, मी तिसऱ्यांदा मागितल्यावर, मार्क मिळाले. बाकीच्यांची नावं काळी केलेली. एकेचाळीस, छत्तीस, चौतीस, एकतीस. मी चौतीस. वरचे दोघं राहिले. म्हणजे मी दोन मार्कांनी गेलो.

कुठे गेले ते दोन मार्क? बाकी सगळीकडे मी सात किंवा त्याहून जास्त. फ्लेक्झिबिलिटी, दहापैकी दोन. शेरा होता, ‘ऑन-कॉल रोटामध्ये मर्यादित सहभाग, जुलै-ऑगस्ट.’

जुलैमध्ये माझ्या बाबांची मिरजेला बायपास झाली. मी सहा आठवडे घरी होतो. चार आठवडे मंजूर रजा, दोन आठवडे सांगलीहून काम, तेही लेखी परवानगीने. आणि सांगलीहून मी ऑन-कॉल का केला नाही? कारण कंपनीचीच सिक्युरिटी पॉलिसी होती, की यूकेबाहेरून प्रॉडक्शनचा ॲक्सेस मिळणार नाही. म्हणजे जे करायला त्यांनीच मनाई केली होती, ते केलं नाही म्हणून मार्क कापले. मार्क देणारा मॅनेजर जूनमध्ये आलेला. त्याने मला जेमतेम महिनाभर काम करताना बघितलं असेल.

मी म्हणालो, झालं, आता तरी केस नक्की! पण तोपर्यंत मी एका सॉलिसिटर बाईंशी बोललो होतो. घराच्या इन्शुरन्समध्ये लीगल कव्हर असतं कधी कधी, माझ्यात होतं, सहज बघितलं तर सापडलं. तुम्हीही तुमची पॉलिसी बघा. त्यांनी मला थंड पाण्यात बुडवून काढलं. म्हणाल्या, ट्रायब्युनल पेपर परत तपासत नाही. १९९५चा ब्रिटिश एरोस्पेस विरुद्ध ग्रीन हा निकाल आहे, त्यात कोर्टाने सांगितलं की मार्कांची बारीक चिरफाड करत बसायचं नाही. पद्धत एकूण सरळ होती ना, एवढं बघायचं.

आपल्या भाषेत सांगायचं तर इंजिनीअरिंगला केटी लागली की, हो, तीही केटीच, आपण फोटोकॉपी मागवायचो आणि मग रिव्हॅल्युएशन टाकायचो. इथे फोटोकॉपी मिळेल, रिव्हॅल्युएशन नाही. पण पेपर तपासताना पुरवणीच जोडली नव्हती, असं काही ठळक दाखवता आलं तर ऐकतात. माझा पॉलिसीचा मुद्दा त्या प्रकारात बसेल असं त्यांना वाटलं. ‘वाटलं’, खात्री नाही.

आणि मार्क उशिरा दाखवले त्याचं काय? त्यावर तेव्हाच एक केस चालू होती, हेकॉक्स विरुद्ध एडीपी. त्यालाही स्कोअर अपिलाच्या टप्प्यापर्यंत दिले नव्हते. नोव्हेंबर २०२३ मध्ये अपील ट्रायब्युनलने त्याच्या बाजूने निकाल दिला, तेव्हा मी घरात नाचलो होतो. पुढे २०२४ मध्ये कोर्ट ऑफ अपीलने तो फिरवला. अपिलात पुरेशी संधी मिळाली असेल तर एकूण प्रक्रिया सरळ ठरू शकते, असं म्हणून. माझं प्रकरण तोपर्यंत मिटलं होतं, पण नाच उगाचच होता हे कळलं.

माझ्या अपिलाचं काय झालं? दुसऱ्या विभागाच्या डिरेक्टरने ऐकलं. एक मार्क वाढवला. दोनचे तीन. एकूण पस्तीस. छत्तीसला एक कमी. मी त्या ईमेलकडे किती वेळ बघत बसलो ते विचारू नका. आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, “एका मार्कानं? तुझं बारावीलाबी असंच झालेलं.” 

आता त्या शीटकडे येऊ. दोस्ताचं नाव न येता ती मिळवायची कशी? तर यूकेमध्ये डेटा प्रोटेक्शनच्या कायद्याखाली कोणीही संस्थेला विचारू शकतो, की माझ्याबद्दल तुमच्याकडे काय माहिती आहे, ती द्या. याला सब्जेक्ट ॲक्सेस रिक्वेस्ट म्हणतात. फी नाही, साधा ईमेल चालतो, आणि साधारण एका महिन्यात उत्तर द्यावं लागतं. मी २ ऑक्टोबरला ईमेल टाकला. मुद्दाम मोघम नाही लिहिलं. ‘सगळं द्या’ म्हटलं की हजार निरुपयोगी ईमेल येतात. मी तारखा दिल्या, १ ऑगस्टपासून पुढे, आणि लिहिलं की माझं नाव असलेली रिडंडन्सी, स्कोअरिंग आणि नॉलेज ट्रान्स्फरसंबंधी सगळी कागदपत्रं, स्प्रेडशीट्स, त्यांच्या तारखांसकट. ‘नॉलेज ट्रान्स्फर’ हे दोन शब्द मी वीस मिनिटं विचार करून घातले. केटी सगळ्यांनाच माहीत होती, सप्टेंबरमध्ये कॉल चालू होते, त्यामुळे कोणाला संशय यायचं कारण नव्हतं.

उत्तर शेवटच्या दिवशी आलं. एकशे चाळीस पानं, अर्धी काळी. आणि पान त्र्याण्णववर ती. माझी ओळ उघडी, दुसरी एक ओळ काळी, बाकी दोन नावंच नाहीत. फाइल तयार झाल्याची तारीख २४ ऑगस्ट. ॲट रिस्क मीटिंग ११ सप्टेंबरला. मार्क २६ सप्टेंबरला. म्हणजे परीक्षा व्हायच्या महिनाभर आधी नापासांची यादी लागली होती.

मी ते पान सॉलिसिटर बाईंना पाठवलं. त्यांचं उत्तर एका ओळीचं होतं, “हे आधी का नाही सांगितलंत?” मी काय सांगणार.

कंपनी म्हणू शकली असती की तो निव्वळ प्लॅनिंगचा ड्राफ्ट होता. कदाचित ट्रायब्युनलने ते मानलंही असतं. पण माझ्यासाठी प्रश्न सुटला होता. रिडंडन्सी खरी, काढणं अनफेअर. दोन्ही एकाच वेळी. मला हे कळायला पाच महिने लागले कारण मी सुरुवातीपासून पहिल्या अर्ध्या भागावरच भांडत होतो.

आता दोन गोष्टी ज्यात लोक पाय घालून पडतात. एक, तारीख. तेव्हा नियम होता की नोकरी संपल्यापासून तीन महिन्यांत एक दिवस कमी, एवढ्या वेळात एकॅसकडे अर्ली कन्सिलिएशनचा अर्ज गेला पाहिजे. माझी शेवटची तारीख ३० जानेवारी २०२४. अपील चालू आहे, एचआर ‘बघतो’ म्हणतंय, याने हे घड्याळ थांबत नाही. एकॅसचा अर्ज टाकल्यावरच थांबतं. माझ्या ओळखीच्या एकाची केस फक्त यामुळे गेली, तो आपला सभ्यपणे अपिलाच्या निकालाची वाट बघत बसला. अर्ज आणि पुढे ट्रायब्युनलचा फॉर्म, दोन्हीला फी नाही. २०१३ पासून ट्रायब्युनलला फी होती, युनिसन या युनियनने सुप्रीम कोर्टात भांडून २०१७ मध्ये ती रद्द करून घेतली. अनोळखी लोकांनी भांडून ठेवलेलं असं कधी तरी आपल्या उपयोगी पडतं.

दुसरी गोष्ट, पैसे. इथे मी अगदी स्पष्ट बोलणार. माझी कायदेशीर रिडंडन्सी पे किती होती? वय बावीस ते चाळीस असेल तर पूर्ण झालेल्या दर वर्षाला एका आठवड्याचा पगार, पण आठवड्याला तेव्हा ६४३ पाउंडाची कमाल मर्यादा. माझी पूर्ण वर्षं दोन. ६४३ गुणिले दोन, १,२८६ पाउंड. बस. आणि जिंकलो असतो तर? मूळ भरपाई याच सूत्राने निघते, म्हणजे ती आधीच मिळालेली, शून्य. वर प्रत्यक्ष नुकसान. माझ्या हातात आठवड्याला साधारण साडेसातशे यायचे, नवीन नोकरी २२ जानेवारीला लागली, म्हणजे जवळपास बारा आठवडे, ९,००० पाउंड. मग पोल्कीचा मुद्दा येतो, नीट प्रक्रिया केली असती तरी गेला असता का? चारातले दोन जाणार होते, धरा पन्नास टक्के. राहिले साडेचार हजार, वर कायदेशीर हक्क गमावल्याचे काहीशे. रेडिटवर लोक लाखभर पाउंडाच्या गोष्टी सांगतात, ती कमाल मर्यादा असते. लवकर नोकरी लागली की नुकसान कमी, म्हणून भरपाईही कमी. आणि वकिलाचा खर्च साधारण ज्याचा त्याचा.

मग लढायचं कशाला? खरं उत्तर देतो. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये मी लढण्याच्या स्थितीतच नव्हतो. स्पॉन्सर कंपनीने होम ऑफिसला कळवलं की मग पत्र येतं, आणि त्या पत्रापासून साठ दिवसांत नवीन स्पॉन्सर शोधून अर्ज करायचा, नाहीतर देश सोडायचा. माझं पत्र नोव्हेंबरच्या शेवटी आलं. फ्लॅटचं भाडं १,३५० पाउंड. बाबांच्या गोळ्या, फॉलोअप. रात्री दोनला उठून मी जॉब पोर्टल रिफ्रेश करायचो. कंपनीने त्याआधी एक सेटलमेंट ॲग्रीमेंट पुढे केलं होतं. वरचे थोडे पैसे घे, आणि कुठलाही दावा करणार नाही असं लिहून दे. त्यावर स्वतंत्र सल्लागाराचा सल्ला घ्यावा लागतो, नाहीतर ते ग्राह्यच नाही, आणि विचाराला किमान दहा दिवस द्यावेत असं एकॅस सांगतं. बायको म्हणाली, “सही कर आणि मोकळा हो.” आमचं त्यावर मोठं भांडण झालं. तिचं म्हणणं चुकीचं नव्हतं. मी सही केली नाही, यात शहाणपणा किती आणि हट्ट किती, हे मला अजून नीट सांगता येत नाही. ते पस्तीस मार्क डोळ्यासमोरून जात नव्हते.

डिसेंबरच्या मध्यात ब्रिस्टलची ऑफर आली, व्हिसा झाला, आणि मग ८ जानेवारीला मी एकॅसचा अर्ज टाकला. सोबत त्र्याण्णव नंबरचं पान तयार ठेवलं. एकॅसचा माणूस दोन्हीकडे फोन करतो, बाजू घेत नाही. पहिल्या आठवड्यात कंपनीचं उत्तर, ‘प्रक्रिया पूर्णपणे न्याय्य होती.’ मग मी त्याच्यामार्फत ते पान पाठवलं. चार दिवस शांतता. पाचव्या आठवड्यात मिटलं.

किती मिळाले ते सांगू शकत नाही, तसं लिहून दिलंय. कंपनीचं नाव न घेण्याचं कारणही तेच. ऑन-कॉलबद्दलचा शेरा रेफरन्समध्ये येणार नाही, हेही लिहून घेतलं. पैशांपेक्षा ते मला जास्त हवं होतं.

खराडीच्या दोस्ताला मी हे सगळं थेट २०२४च्या मे महिन्यात सांगितलं, त्याच्या लग्नात, हॉलच्या मागे, सगळे जेवायला बसले होते तेव्हा. तो आधी हसला. मग म्हणाला, “मला वाटायचं तू माझ्यावर चिडलायस. तुझं काम माझ्याकडं आलं म्हणून.” मी म्हणलं, चिडलोच होतो लेका, सप्टेंबरचे दोन आठवडे. मग त्याने विचारलं की सेटलमेंट रिकन्सिलिएशनच्या जॉबमध्ये तू तो तीन सेकंदांचा स्लीप का टाकला होतास, आजपर्यंत कोणाला काढायची हिंमत झाली नाही. नवरदेव, मुंडावळ्यांसकट. मी त्याला सांगितलं. तो रेस कंडिशनचा किस्सा पुढच्या एपिसोडला.

चला, भेटू. बाय!